सज्ज्याखालचा दिवा

आमच्या घराला रस्त्याच्या अंगाने लाकडी सज्जा आहे. सज्जा म्हणजे माडीवरून बाहेर काढलेली, कठडा लावलेली लाकडी जागा. हल्ली तिला गॅलरी म्हणतात. जुन्या नाशकात सराफ बाजाराकडे गेलात तर असे सज्जे अजून दिसतात. खेड्यापाड्यांतल्या जुन्या माड्यांनाही ते आहेत. सज्ज्याखाली ओटा असतो. ओट्यावर आपण बसतो, धान्य निवडतो, पाहुण्याला पाणी देतो. दिवसा ही घरातली सगळ्यांत चांगली जागा. पण सज्ज्याचे छप्पर डोक्यावर असल्यामुळे रात्री तिथे दुप्पट अंधार होतो. चांदणेही आत येत नाही.

आमच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. एका पावसाळ्यात माझी आई शेवटच्या पायरीवरून घसरली. तिचे मनगट मोडले. त्याच महिन्यात पायरीच्या कडेला घोणस निघाली. ती आधी दिसली म्हणून निभावले. मी ठरविले, सज्ज्याखाली दिवा लावायचा.

दिवा मी लावला. तो कसा लावू नये, हे आधी सांगतो.

मी घरातल्या बटणापासून दोरीसारखी पिळलेली एक वायर बाहेर आणली. सज्ज्याच्या तुळईला लोखंडी खिळा होता. त्या खिळ्यावरून ती वायर टाकली आणि टोकाला होल्डर लोंबकळत सोडला. बल्ब लागला. सगळे म्हणाले, "वा गुरुजी, उजेड झाला!" मलाही बरे वाटले. त्याच खिळ्याला आमची कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही. मी शाळेत मुलांना विजेचा धडा शिकवीत असे. पण फळ्यावरची वीज निराळी आणि तुळईवरची निराळी.

दोन वर्षे काही झाले नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात पावसाची झड लागली होती. वाऱ्याने हलून हलून वायरचे वरचे रबर खिळ्याच्या धारेने कापले गेले. खिळा ओला, लाकूड ओले, तार ओली. सकाळी सूनबाई ओले लुगडे वाळत घालायला गेली. तारेला हात लागताच ती मागे फेकली गेली आणि ओट्याच्या खाली पडली. हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. तार तिच्या मुठीत आली नाही, म्हणून ती वाचली. मुठीत आली असती तर मूठ सुटली नसती. वीज स्नायू आखडून टाकते. माणूस सोडतो म्हटले तरी त्याला सोडता येत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. दिव्याचे बटण त्या वेळी बंद होते.

सूनबाई सावध झाल्यावर पहिला प्रश्न तिने हाच विचारला, "नाना, दिवा तर बंद होता. मग वीज आली कुठून?"

मला उत्तर देता आले नाही. दुपारी वायरमनला बोलावले. हा माझाच जुना विद्यार्थी. गणितात बेताचा होता, पण हाताचा हुशार. आयटीआय करून त्याने वायरमनचा सरकारी परवाना काढला आहे. त्याने टेस्टर लावला आणि म्हणाला, "गुरुजी, बटण उलट्या तारेवर बसवलंय."

आता हे नीट समजून घेऊ. आपल्या घरात खांबावरून दोन तारा येतात. एक फेज. वीज तिच्यातून येते. तिचा जोर २३० व्होल्ट. दुसरी न्यूट्रल. दिव्यातून गेलेली वीज तिच्यातून परत जाते. पाटाचे पाणी डोळ्यांपुढे आणा. वावराच्या तोंडाशी पाट अडवला तर पुढे सगळे कोरडे राहते. पण शेवटाला अडवला तर? पाणी वाहत नाही, पण पाट काठोकाठ भरलेला असतो. कुठे घूस लागली की फुटलाच. बटणाचे तसेच आहे. ते फेजवर हवे, म्हणजे तोंडाशी. मी ते न्यूट्रलवर लावले होते, म्हणजे शेवटाला. दिवा विझत होता, पण होल्डरपर्यंतची वायर भरलेलीच राहत होती. दिवा विझला म्हणजे वीज गेली असे धरून आम्ही दोन वर्षे त्या तारेवर कपडे वाळत घातले.

तुम्ही म्हणाल, वायरमन असताना हे आपण कशाला शिकायचे? खरे आहे. विजेच्या तारांना हात परवान्याच्या माणसानेच लावावा. पण काम करवून घेणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असल्या की घाईघाईने उरकलेले काम तिथल्या तिथे दिसते. घर बांधताना आपण गवंडी नसतो, तरी ओळंबा पाहतोच ना?

दुसऱ्या दिवशी नवे काम सुरू झाले. मला वाटले, हा आल्या आल्या वायर ओढील. त्याने मुख्य स्विच बंद केला, आणि मग वायरीची पिशवी तशीच ठेवून एक बादली पाणी मागितले.

"कशाला रे?"

"वर सज्ज्यावर ओता, गुरुजी. मी खाली बसतो."

मी वर जाऊन पाणी ओतले. तो खाली कडीपाटाकडे बघत बसला. सज्ज्याच्या फळ्या जुन्या, मधे मधे फटी. पाणी सरळ खाली पडेल असे मला वाटत होते. तसे झाले नाही. पाणी फटीतून उतरले, कडीच्या बुडाला चिकटले आणि कडीच्या अंगाने हातभर चालत जाऊन मग टपकले. ओतले एकीकडे, पडले दुसरीकडे. त्याने माझ्याकडून खडू घेतला आणि जिथून थेंब पडत होता तिथे फुल्या केल्या. मग म्हणाला, "जिथं फुली नाही, तिथं दिवा."

माझ्या मते सज्ज्याखालच्या दिव्याची निम्मी विद्या या बादलीत आहे. घरातल्या दिव्याच्या वर पाणी नसते. सज्ज्याखालच्या दिव्याच्या डोक्यावर पाऊस असतो, आणि तो फटीतून वाट काढतो. तेव्हा आधी पाण्याची वाट पाहावी, मग विजेची आखावी.

विजेची वाट अशी. घरातून वायर भिंतीला भोक पाडून बाहेर आणली. भोक बाहेरच्या बाजूला थोडे उतरते ठेवले, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही. तांब्याची वायर, आयएसआयची खूण असलेली, प्लास्टिकच्या पाईपमधून नेली. पाईप कशाला? उंदरासाठी. जुन्या लाकडी घरात उंदीर असतोच, आणि त्याला वायरचे प्लास्टिक कुरतडायला आवडते. पाईप कडीच्या कुशीला, म्हणजे बाजूने, चिमट्यांनी बसवला. बुडाला बसवला नाही, कारण पाणी बुडानेच चालते हे आपण पाहिले. वाटेत वायरला जोड दिला नाही. जोड द्यावाच लागला तर तो झाकणाच्या डबीत द्यावा. नुसती काळी पट्टी गुंडाळलेला जोड एक पावसाळा टिकतो, फार तर दोन.

एका ठिकाणी तुळई आडवी आली. मी म्हटले, "खालून खाच पाड आणि पाईप बसव." तो म्हणाला, "नको. तुळईचं बुड कापायचं नाही." त्याचे बरोबर होते. तुळईवर वजन पडले की तिचे बुड ताणले जाते आणि माथा दाबला जातो. बुडाला खाच पाडली की ताणलेल्या जागीच ती दुबळी होते. मधोमध मात्र ताण फारसा नसतो. म्हणून त्याने तुळईच्या उंचीच्या मध्यावर, पाईपापुरते लहान भोक पाडले.

आता सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत उपयोगाची युक्ती. वायर दिव्याच्या डबीत वरून सरळ घालायची नाही. पाणी वायरच्या अंगाने उतरते आणि सरळ डबीत जाते. म्हणून वायर आधी डबीच्या खाली चार बोटे उतरवायची, तिला पोट द्यायचे, आणि मग वर वळवून डबीत घालायची. पाणी उतरत उतरत पोटापर्यंत येते आणि तिथून खाली टपकते. पाणी वर चढत नाही. या पोटाला एक पैसा खर्च नाही. तुमच्या घराबाहेर कुठेही दिवा असेल तर आज संध्याकाळी जाऊन बघा, वायरला पोट आहे का. नुसते बघा, हात लावू नका.

दिव्याची डबी कोणती घ्यावी? इथे आपले वाचन कामी येते. दुकानात दिवा मागितला की दुकानदार देईल तो घेऊ नका. खोका हातात घ्या. त्यावर आय आणि पी ही दोन इंग्रजी अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. आकडे इंग्रजी असतात, पण एसटीच्या पाटीवरचे आणि नोटेवरचे आकडे आपण वाचतो, तसेच ते. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ असेल तर चहूकडून उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव. ५ असेल तर पाण्याची धार मारली तरी बिघाड होत नाही. पहिला ६ असेल तर आत धूळ अजिबात जात नाही. म्हणजे ६५ आकडा असलेला दिवा सज्ज्याखाली उत्तम. आकडा नसलेला दिवा घरात लावायचा, बाहेर नाही.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, ३००० किंवा ६५०० असा, आणि पुढे के हे इंग्रजी अक्षर. तो उजेडाचा रंग. ३००० म्हणजे पिवळसर, कंदिलासारखा. ६५०० म्हणजे पांढरा, निळसर झाक असलेला. दुकानदार पांढराच दाखवील, कारण तो दुकानात झगझगीत दिसतो. ओट्यासाठी पिवळसर घ्यावा. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त जमतात, पिवळसर उजेडावर कमी. आणि किडे जमले की पाली येतात, बेडूक येतात. बेडकाच्या मागे कोण येते ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आम्ही पाच पाच वॅटचे दोन एलईडी दिवे घेतले. जुना काचेचा बल्ब तार तापवून उजेड देत असे. त्याची बरीचशी वीज उष्णतेतच जाई. साठ वॅटच्या पेटत्या बल्बला हात लावला तर हात भाजे. असा बल्ब कोरड्या फळीला चिकटून राहिला, किंवा वर ठेवलेल्या कडब्याला टेकला, तर आगीला वेळ लागत नाही. एलईडीत तार तापत नाही. त्यातला निळा उजेड देणारा कण शोधून काढला त्या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, कारण त्या निळ्यावाचून पांढरा उजेड होत नव्हता. तरी एलईडीची पाठही थोडी तापते. म्हणून डबी लाकडाला घट्ट दाबून न बसवता मागे बोटभर हवा खेळू द्यावी. स्क्रू पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावेत. लोखंडी खिळा पावसाळ्यात गंजतो आणि लाकूडही खातो.

हिशेब करून बघू. एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की मीटरवर एक युनिट पडते. जुना ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास लावला तर ६० गुणिले ५, म्हणजे ३००. तीस दिवसांचे झाले ९,०००. भागिले हजार, म्हणजे ९ युनिट. नवे दिवे दोन मिळून १० वॅटचे. १० गुणिले ५, म्हणजे ५०. तीस दिवसांचे १,५००. म्हणजे दीड युनिट. तुमच्या बिलावर युनिटचा दर छापलेला असतो. त्याने गुणून बघा.

एकच मोठा दिवा लावायचा सोडून दोन लहान का? मीही हाच प्रश्न विचारला. त्याने मला रात्री पायऱ्या उतरायला लावल्या आणि मागे विजेरी धरली. माझीच सावली माझ्या पुढच्या पायरीवर पडली. पाय नेमका अंधारात. मग त्याने विजेरी बाजूने धरली. तिन्ही पायऱ्यांच्या कडा उठून दिसल्या. म्हणून एक दिवा पायऱ्यांच्या बाजूला, सज्ज्याच्या कडेच्या तुळईआड लावला. तुळईआड असल्यामुळे तो डोळ्यांवर येत नाही, उजेड तेवढा खाली पडतो. दुसरा बसायच्या जागेवर. आईने उजेडात पायऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "मधली पायरी खचलीय की रे!" खचली होती खरी. इतकी वर्षे तिच्यावरून आम्ही अंधारात उतरत होतो.

दिवे लागले तरी मुलगा खाली उतरला नाही. "गुरुजी, अजून एक वस्तू बसवतो. तिच्यावाचून मी जाणार नाही," असे तो म्हणाला.

ती वस्तू म्हणजे मुख्य स्विचजवळ बसवायची एक पेटी. वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. पेटीवर आरसीसीबी असे छापलेले असते. तिचे काम शाळेच्या सहलीवरच्या मास्तरसारखे. चाळीस मुले नेली तर चाळीस परत आणायची. जाताना मोजायची, येताना मोजायची. एक जरी कमी भरले तरी सहल जागच्या जागी थांबवायची. ही पेटी फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली ते सतत मोजते. थोडी वीज वाटेत कोणाच्या अंगातून जमिनीत गेली, तर हिशेब चुकतो आणि पेटी डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडते.

"पण घरात एमसीबी आहे ना?" असे पुष्कळ जण म्हणतात. ती तारा जळू नयेत म्हणून असते. माणसासाठी नाही. हिशेब पाहा. एका अँपिअरचे हजार भाग करा. साठ वॅटच्या बल्बमधून त्यातले सुमारे २६० भाग जातात. माणसाचे काळीज बिघडवायला याच्या कितीतरी कमी पुरतात. म्हणून माणसासाठीची पेटी ३० भागांवर तुटणारी घेतात. एमसीबीला मात्र ६ अँपिअर, १६ अँपिअर लागतात. तिच्या लेखी माणसाला बसलेला धक्का म्हणजे एखादा बल्ब जास्त लागला, इतकेच. ती पडत नाही. सूनबाईला धक्का बसला तेव्हा आमचीही पडली नव्हती.

या पेटीबरोबर अर्थिंग हवेच. घरामागच्या खड्ड्यात धातूची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात जमीन वाळते, तेव्हा त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. आमच्याकडे तिथे कोणी फिरकतच नसे.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांना दुसरी वाट आहे. १२ व्होल्टचे दिवे मिळतात, सौर पाटीवर बॅटरी भरून चालणारे. १२ व्होल्टचा कोरड्या हाताला धक्का बसत नाही. तारा एकमेकींना टेकल्या तर ठिणगी मात्र पडते, म्हणून बॅटरीजवळ फ्यूज ठेवावा. वीज गेली तरी हे दिवे चालू राहतात, हा आणखी फायदा.

दिवाळीत आपण सज्ज्याला आकाशकंदील टांगतो. तेव्हा नेमकी पिळलेली वायर बाहेर येते, खिळा येतो, आणि प्लगऐवजी उघड्या तारा भोकात खोचून वर काडेपेटीच्या काड्या! हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, शिकलेल्यांच्या घरी. आम्ही कंदिलासाठी सज्ज्याखाली झाकणाचा एक प्लग पॉइंट त्याच वेळी करून घेतला.

नदीकाठच्यांसाठी एक गोष्ट. गोदावरीला पूर आला की नाशकात दुतोंड्या मारुतीकडे बघून पाण्याचा अंदाज घेतात. खाली निफाड तालुक्यात सायखेडा, चांदोरी या गावांत २००८, २०१६ आणि २०१९ साली घरांत पाणी शिरले. अशा गावात प्लग आणि बटणे जुन्या पुराच्या खुणेच्या वर ठेवावीत. घर सोडताना हात आणि जमीन कोरडी असेल तरच मुख्य स्विच बंद करावा. आणि पूर ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय तो चालू करू नये. भिंती बाहेरून सुकलेल्या दिसतात, आत पाईपात पाणी असते.

एवढे करूनही कुणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य स्विच बंद. तो लांब असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर ढकला. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोराने दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दुसऱ्याने १०८ वर फोन करावा. मदत येईपर्यंत थांबू नका. तार खांबावरची तुटली असेल तर जवळही जाऊ नका. वीज कंपनीचा तक्रारीचा फोन १९१२.

आमच्या पेटीवर एक लहान कळ आहे. ती दाबली की पेटी स्वतःला तपासते. कट् असा आवाज होतो आणि घरातली वीज जाते. दांडी वर केली की परत येते. आवाज झाला नाही तर पेटी मेली असे समजून वायरमनला बोलवायचे. महिन्यातून एकदा ही कळ दाबायची असते. मी दोनदा विसरलो. तेव्हापासून हे काम सूनबाईने घेतले. पहिल्या तारखेला ती कळ दाबते आणि कॅलेंडरवर त्या चौकोनात पेन्सिलीने "कट्" असे लिहिते. कपड्यांची लोखंडी तार तिने त्याच आठवड्यात काढून भंगारवाल्याला दिली. आता तिथे नायलॉनची दोरी आहे, आणि ती सज्ज्याला बांधलेली नाही, अंगणातल्या दोन कडुलिंबांना बांधलेली आहे.